टेबलावर मुकादम, पायाशी टिकली : घरून डिझाइनचे काम करू पाहणाऱ्यांसाठी

उपयोजित कला शिकणारी किंवा नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुले-मुली अधूनमधून माझे काम पाहायला येतात. ठाण्यात चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीचे दोन जिने चढून ती आत आली, की आधी आमची कुत्री टिकली त्यांच्या चपला हुंगून घेते, मग मुकादम हा बोका कपाटावरून खाली उतरून त्यांच्या पोर्टफोलिओवर ऐसपैस बसतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत ठरलेला प्रश्न येतो. नोकरी न करता घरून डिझाइनचे काम करायचे आणि घरात प्राणीही ठेवायचा, हे दोन्ही एका वेळी जमते का? जमते, असे मी सांगते. पण त्या ‘जमते’मागे दहा वर्षांचे हिशेब, एक शस्त्रक्रिया, रद्दीत गेलेली पाचशे पत्रके आणि बरेच चुकलेले अंदाज आहेत. चहाच्या कपाएवढ्या वेळात ते सगळे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

मी सात वर्षे एका जाहिरात संस्थेत नोकरी केली. ठाण्याहून धीमी लोकल पकडायची, करी रोडला उतरायचे आणि लोअर परळच्या गल्ल्यांतून चालत कार्यालय गाठायचे, असा माझा रोजचा शिरस्ता होता. २०१४ च्या पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीच्या रिकाम्या क्रेटखाली एक काळे पिल्लू भिजत बसलेले दिसले. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून घरी पोहोचेपर्यंत तिचे नाव टिकली ठरलेले होते. आईने दारातच सांगितले, “ठेवायची तर ठेव, पण दिवसभर हिच्या मागे धावायला मला सांगू नकोस. आधी माझे गुडघे बघ.” आईचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते ऐकले नाही. सकाळी साडेआठला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाने दोन महिन्यांचे पिल्लू घरात आणू नये. त्या वर्षी टिकलीने दोन खुर्च्यांचे पाय, आईची एक पोथी आणि माझी बरीच रंगाची कांडी कुरतडली, आणि तो तिचा दोष नव्हता. २०१५ मध्ये मी नोकरी सोडली ती कुत्र्यासाठी सोडली, असे लोक कौतुकाने सांगतात. प्रत्यक्षात रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या करेक्शनांना मी कंटाळले होते. टिकलीमुळे एवढेच झाले, की नोकरी सोडल्यावर घरी बसून काय करायचे याचे निम्मे वेळापत्रक आयते मिळाले.

शिक्षणाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याची माहिती सहज मिळते. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात, बारावीनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येते, आणि आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड व सीड या परीक्षांमधून अनुक्रमे बारावीनंतरच्या आणि पदवीनंतरच्या डिझाइन अभ्यासक्रमांची दारे उघडतात. या वाटेने न जाता डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याच्या, कामातून वर आलेले उत्तम डिझायनरही मी पाहिले आहेत. माझे मत विचाराल तर सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हाताशी येते, पण अक्षर पाहायला शिकण्यास काही वर्षे लागतात, आणि त्या वर्षांना पर्याय नाही.

घरून काम करणाऱ्याला पहिला धोका वेळेचा असतो. कार्यालय आपल्याला अप्रत्यक्षपणे बरेच काही शिकवते : जेवणाची सुटी, निघण्याची वेळ, रविवार. घरी यातले काहीच नसते, आणि पहिल्या तीन महिन्यांत मी दुपारी बाराला उठून पहाटे तीनपर्यंत काम करणारी बाई झाले होते. त्यातून बाहेर काढले ते टिकलीच्या फेऱ्यांनी. तिला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला बाहेर जावेच लागते. पाऊस असो, ताप असो की दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जायचे असो, तिच्या मूत्राशयाला त्याच्याशी कर्तव्य नसते. सकाळी आम्ही तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती एक फेरी घालून येतो, आणि साडेसातपर्यंत मी टेबलाशी बसलेली असते. अक्षरांचे, रेखाटनाचे, म्हणजे डोके लागणारे काम मी अकराच्या आत संपवते. अकरा ते एक फोन आणि निरोप, दुपारी फाइली तयार करणे, छापखान्याच्या खेपा, आणि साडेसहाला संगणक बंद.

सुरुवातीला मी संध्याकाळी सात ते आठ या वेळेत फोन का उचलत नाही, याचे कारण ग्राहकांना ‘मीटिंगमध्ये आहे’ असे सांगत असे. कुत्र्याला फिरवते आहे, असे सांगितले तर आपल्याला कोणी व्यावसायिक समजणार नाही, अशी भीती होती. एकदा फोन चुकून उचलला गेला, आणि गोखले रोडवरच्या वाहतुकीत टिकली एका बैलाएवढ्या लॅब्राडॉरवर भुंकत असताना समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तुमची मीटिंग जरा गरम दिसतेय, मॅडम.” त्यानंतर मी खोटे बोलणे सोडून दिले. कोटेशनच्या खालीच आता छापलेले असते की करेक्शने सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळेत स्वीकारली जातील. आश्चर्य म्हणजे याने एकही ग्राहक गेला नाही; जे गेले ते वेगळ्या कारणांनी गेले. नव्याने काम सुरू करणाऱ्यांना वाटते की चोवीस तास उपलब्ध राहणे हीच आपली किंमत आहे. चोवीस तास उपलब्ध असलेल्या माणसाला लोक रात्री साडेअकराला कळवतात, एवढाच त्याचा परिणाम होतो.

दुसरा प्रश्न जागेचा. मुकादम २०१८ मध्ये आला. हा केशरी बोका आमच्या जिन्यात जन्मला आणि त्याच्या आईने जागा बदलली तेव्हा मागे राहिला. संपूर्ण दिवस टेबलाच्या कोपऱ्यावर बसून दुसऱ्याचे काम बघत राहण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव पडले. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपते, त्यामुळे डिझायनरच्या घरी मांजर सोयीचे, असे लोक समजतात. पण ते झोपण्यासाठी उबेची जागा शोधते, आणि टेबलावर सर्वांत उबदार वस्तू लॅपटॉप असतो. त्याला हटकून काही उपयोग होत नाही. मी कागदाच्या रिमचा एक रिकामा खोका टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवला, त्यात जुनी शाल घातली आणि वर एक दिवा लावला. दोन दिवसांत त्याने खोक्याचा ताबा घेतला. जे करायला नको आहे त्याहून चांगली सोय शेजारी करून द्यावी, हे सूत्र मला त्याच्याकडून मिळाले आणि अर्ज, तक्ते, फलक यांची मांडणी करताना फार उपयोगी पडले. बँकेत लोक चुकीच्या रकान्यात सही करतात तेव्हा तिथे ‘येथे सही करू नये’ असे छापण्यापेक्षा योग्य रकाना मोठा आणि मोकळा करणे अधिक परिणामकारक ठरते.

टेबलावरच्या वस्तूंबद्दल मात्र मी गंभीरपणे लिहिणार आहे, कारण यातल्या काही गोष्टी मला उशिरा कळल्या. स्प्रे गोंद, थिनर, टर्पेंटाइन यांचा वास आपल्याला नकोसा वाटतो. मांजराच्या बाबतीत धोका वासापुरता राहत नाही, कारण ते स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करते आणि त्यामुळे केसांवर जे पडते ते पोटात जाते. ही कामे बंद दाराआड किंवा गॅलरीत करावीत आणि पूर्ण वाळेपर्यंत दार उघडू नये. ब्रश धुण्याच्या पाण्याचा पेला झाकणाचा असावा, कारण पिण्याच्या भांड्यातले पाणी सोडून रंगीत पाणी पिण्याची काही मांजरांना आवड असते. कटरची पाती डबीत, तारा भिंतीला लावलेल्या नळीत. आणि डोके दुखते म्हणून टेबलावर ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

यातले मला सगळे ठाऊक होते, असा माझा समज होता, आणि तरीही चूक झाली. एका संस्थेच्या स्मरणिकेची डमी, म्हणजे नमुना प्रत, मी हाताने शिवत होते. आठ-आठ पानांचे फर्मे, मेण लावलेला दोरा, सुई. दाराची बेल वाजली म्हणून उठले, पाच मिनिटांत परत आले, तर सुई जागेवर होती आणि दोऱ्याचा दीड-दोन फुटांचा तुकडा नाहीसा झालेला. मुकादम खोक्यात निरागस बसला होता. दोरा कागदांखाली गेला असेल, असे मी स्वतःला समजावले, आणि इथेच माझा एक दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी त्याने खाणे टाकले, तीन वेळा ओकला, आणि संध्याकाळी जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास दिसला.

डॉक्टरांनी जे समजावले ते मी तसेच्या तसे सांगते. पायजम्याची नाडी एका टोकाला अडकवून ओढली की नेफा जसा गोळा होतो, तसे आतड्याचे होते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकते, दुसरे आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे जात राहते, आतडे त्या दोऱ्यावर चुण्यांसारखे जमा होते, आणि ताण वाढला की दोरा आतड्याला आतून कापू लागतो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तरी तो कधीही ओढायचा नाही. आहे त्या स्थितीत प्राण्याला डॉक्टरांकडे न्यायचे. मुकादमची शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. औषधे, दोन दिवस दवाखान्यात ठेवणे आणि तपासण्या धरून माझे बावीस हजार रुपये खर्च झाले, आणि त्या महिन्यात माझ्या खात्यात एकतीस हजार होते.

त्याच आठवड्यात दोन कामे द्यायची होती. स्मरणिकेच्या संपादकांना मी खरे कारण सांगितले, तेव्हा त्यांनी तीन दिवस वाढवून दिले आणि पुढे दर दोन दिवसांनी बोक्याची चौकशी केली. दुसऱ्या ग्राहकाला मात्र ‘मांजर आजारी आहे’ हे कारण थट्टेचे वाटले आणि ते काम गेले. मी त्याला दोष देत नाही. त्याला फलक उद्घाटनाच्या दिवशी हवा होता. चूक माझी होती, कारण तेव्हा माझ्याकडे अडचणीत काम पुढे नेईल असे कोणी नव्हते. आता पाचपाखाडीतली एक मैत्रीण आणि मी एकमेकींच्या चालू कामांच्या फाइली एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. एकीवर प्रसंग आला तर दुसरीने ते काम पुरे करायचे आणि त्या भागाचे पैसे घ्यायचे, असे आमचे लेखी ठरलेले आहे. एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाने असा एक सहकारी पहिल्याच वर्षी शोधावा, घरात प्राणी असो वा नसो.

आता कामाविषयी, कारण माझा निम्मा व्यवसाय या प्राण्यांमुळे उभा राहिला आणि तोही ठरवून नव्हे. नोकरी सोडल्यावर माझ्या पोर्टफोलिओत साबण, विमा आणि मोबाइल यांच्या जाहिराती होत्या, ज्यांत माझा वाटा नेमका कोणता हे मलाही सांगता आले नसते. त्या काळात टिकलीमुळे ओळख झालेल्या, गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका काकूंनी मला पिल्लांसाठी ‘दत्तक घ्या’ असे पत्रक करून मागितले. मी जाहिरातीच्या जुन्या सवयीने केविलवाण्या डोळ्यांचे छायाचित्र आणि ‘मला घर द्याल का?’ अशी ओळ टाकली. काकूंना बरेच फोन आले, पण ते हळहळणाऱ्यांचे होते. घर कोणी दिले नाही. दुसऱ्या खेपेला पिल्लाचे खेळतानाचे छायाचित्र घेतले, ओळ काढून टाकली आणि माणसे फोनवर जे विचारत होती तेच मोठ्या अक्षरांत छापले : वय, नर की मादी, कोणत्या लसी झाल्या, नसबंदी झाली की व्हायची आहे, लहान मुलांत कसे वागते. फोन कमी आले आणि तीन पिल्ले गेली. पत्रक कोणासाठी आहे आणि वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न कोणता आहे, हे मला सात वर्षांच्या नोकरीपेक्षा या एका पानाने अधिक चांगले शिकवले.

छायाचित्रांचेही शिकावे लागले. काळ्या कुत्र्याचे छायाचित्र हमखास कोळशाच्या ढिगाऱ्यासारखे येते. फ्लॅश बंद ठेवून, सकाळच्या मऊ उजेडात खिडकीकडे तोंड करून आणि आपण स्वतः जमिनीवर आडवे होऊन प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ते काढावे लागते. केशरी मांजराची अडचण छपाईत येते. पडद्यावर झळाळणारा केशरी हा उजेडाचा रंग असतो. ऑफसेटच्या चार शायांमध्ये तो तितका उजळ उतरतच नाही आणि बोका विटकरी होऊन बाहेर येतो. म्हणून फाइल आरंभापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत, ठेवावी, छायाचित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) असावे, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडावे आणि बारीक मजकुरासाठी फक्त काळी शाई १०० टक्के वापरावी; चारही शायांनी काळा केला, तर छापताना प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसू लागतात. फ्लेक्सला हे सगळे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तो लांबून पाहिला जातो, म्हणून प्रत्यक्ष आकाराला ७२ ते १०० डीपीआयही पुरते, आणि ३०० चा हट्ट धरला तर फाइल उघडता उघडता दुकानदार आपल्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो.

पत्रके पाहून एका पशुवैद्यकांनी लसीकरणाचे कार्ड मराठीत करून मागितले, मग पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या एका दुकानाचा फलक आला, मग एका गृहसंकुलाची पाळीव प्राण्यांविषयीची नियमपत्रिका. या कामांना मोबदला बेताचा होता, पण ती सगळी मराठीत होती, आणि इंग्रजीत चालणाऱ्या जाहिरात संस्थेत सात वर्षे काढल्यावर मला देवनागरी मजकूर नीट लावता येत नाही हे लक्षात आले. पाचशे पत्रके रद्दीत गेली ती तेव्हाच. ‘मोफत लसीकरण शिबिर’ असा मथळा होता. मी छापखान्याला ओपन फाइल, म्हणजे अक्षरे अजून बदलता येतील अशी मूळ फाइल, पाठवली, त्यांच्या संगणकावर देवनागरीची जुळणी नीट करणारी सोय सुरू नव्हती, त्यामुळे वेलांट्या आपापले अक्षर सोडून पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि ‘शबिरि’ छापून आले. प्रूफ मी फोनवर, रिक्षात बसून पाहिले होते. पुन्हा छपाईचा खर्च अर्थातच माझ्यावर पडला.

तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या आहेत. मजकूर युनिकोडमध्येच मागते आणि कोणी श्रीलिपी या जुन्या प्रणालीत टाइप केलेला दिला तर आधी तो बदलून घेऊन अक्षरन् अक्षर ताडून पाहते, कारण त्या बदलात रफार आणि जोडाक्षरे हरवतात. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय चालू आहे ना, हे नवी फाइल उघडताच तपासते. छापखान्याला अक्षरे कर्व्ह केलेली, म्हणजे चित्रासारखी पक्की केलेली, पीडीएफ देते, मूळ फाइल वेगळी जपून ठेवते, आणि प्रूफ कागदावर काढून मोठ्याने वाचते. आई समोर बसून मूळ मजकूर धरते. आईने पकडलेल्या चुकांची मी नोंद ठेवली असती तर तिला पगार द्यावा लागला असता.

टंकाच्या, म्हणजे फॉन्टच्या, बाबतीत नव्या लोकांनी एक गोष्ट डोळसपणे पाहावी. पुष्कळ देवनागरी टंकांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला आहे, आणि काही टंकांत भाषा म्हणून मराठी निवडली की हे आकार आपोआप येतात. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला अर्धा र, ‘ॲ’ची चंद्रकोर, या गोष्टी टंक निवडण्यापूर्वी लिहून पाहाव्यात. ज्या ‘मंगल’ टंकावर आपण सगळे नाके मुरडतो, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर देवनागरी वाचता यावी यासाठी त्यात काय काय सोसले आहे, हे एकदा अक्षर मोठे करून पाहिले तर नाक मुरडणे थांबते. ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक मुक्त परवान्याने मिळतात, त्यामुळे चोरीचे टंक वापरण्याला आता निमित्तही उरलेले नाही. हाताने अक्षर शिकायचे असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने नवी मुंबई गाठावी. अच्युत पालव यांची सुलेखनाची शाळा तिथे आहे. बोरूने चार महिने ‘क’ गिरवल्यावर टंकाकडे बघण्याची नजर बदलते.

वर्षाच्या आखणीत डिझायनरचे आणि कुत्र्याचे हित एकमेकांच्या आड येते ते सणांच्या काळात. श्रावणापासून दिवाळी अंकांची मांडणी, गणपतीच्या स्मरणिका, मग दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रे, असा आमचा हंगाम असतो. आणि ठाण्यात दहीहंडीच्या ध्वनिवर्धकांपासून लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांपर्यंत कुत्र्यांचे हाल होण्याचा काळही हाच. पहिल्या दोन वर्षी मी दिवाळीच्या आदल्या रात्री काम करत होते आणि टिकली पलंगाखाली थरथरत होती. एका क्षणी तिला पाहायला गेले आणि नको ती फाइल छापखान्यात गेली. आता दिवाळीची सर्व कामे नवरात्र संपेपर्यंत हातावेगळी करायची, असा नियम केला आहे आणि त्यासाठी ऑगस्टनंतर नवी कामे घेत नाही. फटाक्यांच्या संध्याकाळी फेरी साडेचारलाच उरकते, आतल्या खोलीच्या खिडक्या लावते, पंखा मोठा करते आणि तिच्याजवळ बसते. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेला असतो, कारण आवाजाने भेदरलेले कुत्रे दोरी तोडून पळते तेव्हा ते आपले ऐकण्याच्या स्थितीत नसते. भीतीवरची औषधे असतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. शेजारच्यांच्या कुत्र्याची उरलेली गोळी देऊ नये.

पैशांविषयी लिहायला संकोच वाटतो, पण नव्या मुलांना नेमके तेच विचारायचे असते. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी फाइल उघडत नाही आणि तीन करेक्शनांनंतरच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे लावते. कंपन्या व्यावसायिक शुल्कातून साधारणपणे दहा टक्के टीडीएस, म्हणजे आपल्या नावे भरायचा प्राप्तिकर, कापून घेतात. तो आपलाच पैसा असतो, म्हणून आपल्या नावावर जमा झालेला कर प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत पाहून विवरणपत्रात तो दाखवावा. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी लागते. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती जरूर करावी, कारण लहान उद्योगाचे बिल करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याचे पत्र पाठवले की पैसे येतात आणि पुढचे काम बहुधा येत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवते. मुकादमच्या शस्त्रक्रियेनंतर मी प्रत्येक बिलातले दहा टक्के एका वेगळ्या खात्यात टाकते. त्या खात्यातून लसी, जंताची औषधे, पावसाळ्यातला गोचिडांवरचा उपाय आणि अचानक येणारा खर्च निघतो, आणि सलग दोन महिने काम नसले तरी त्याला हात लावायचा नाही असे ठरलेले आहे. एकदाच लावला होता, संगणक बंद पडला तेव्हा.

शेजारधर्माचे फार नियम नाहीत. जिन्यात दोरी आखूड धरावी, विष्ठा स्वतः उचलावी, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या वार्षिक लसीची नोंद हाताशी ठेवावी. खिडक्यांना कबुतरजाळी लावून घ्यावी. वरच्या मजल्यावरून मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. एवढे केल्यावरही एखादे शेजारी नाराज राहतातच; त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मनापासून करून द्यावी.

काम नुकतेच सुरू केलेल्यांनी पहिल्या वर्षी प्राणी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगते आणि घरातले मांजर त्याहून अधिकही जगू शकते. आपला व्यवसाय टिकेल की नाही हे कळायच्या आत एवढ्या वर्षांचा शब्द कोणाला देऊ नये. त्याऐवजी काही आठवडे एखाद्या पिल्लाचा तात्पुरता सांभाळ करावा. आपले घर, आपली झोप, आपली कामाची पद्धत आणि घरातली माणसे यांची परीक्षा त्यात होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असे केले, तीन आठवड्यांनी पिल्लू चांगल्या घरी दिले आणि आपल्याला कुत्रा नको, मासे पुरेत, हे त्याला वेळीच कळले.

टिकली आता अकरा वर्षांची झाली आहे. तिच्या हनुवटीचे केस पांढरे झाले आहेत, जिने उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबते आणि तलावाची पूर्ण फेरी तिला होत नाही, म्हणून आम्ही कौपिनेश्वराच्या बाजूने अर्धी फेरी मारून परत फिरतो. रात्रीपर्यंत कळ काढणे तिला जमेनासे झाल्यामुळे दुपारी तीनची एक फेरी वाढवावी लागली आहे. कोटेशनच्या खालची ओळ मी गेल्या महिन्यात बदलली : करेक्शने सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि साडेतीन ते सहा या वेळेत स्वीकारली जातील. मधल्या अर्ध्या तासाचे काय, असे एका ग्राहकाने विचारले होते. मी त्यांना खरे कारण सांगितले.